न आलेल्या विद्यार्थ्याचा वर्ग

निवृत्त बँक अधिकारी आणि त्यातून कादंबरीकार, अशा दुहेरी रिकाम्या माणसाला महाविद्यालयांची बोलावणी फार येतात. वाङ्मय मंडळाचे उद्घाटन, वार्षिकांकाचे प्रकाशन, शाल, श्रीफळ, चहा आणि परतीची एस.टी., असा हा ठरलेला कार्यक्रम. गेल्या हिवाळ्यात आमच्या बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका महाविद्यालयाचे असेच बोलावणे आले. कार्यक्रम दुपारी दोनचा. मी आपला जुन्या सवयीने सकाळी साडेदहालाच जाऊन पोचलो. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला उशिरा पोचणे जमत नाही. प्राचार्य बैठकीसाठी बाहेरगावी गेलेले. तेव्हा वाणिज्य विभागातल्या एका तरुण प्राध्यापकांनी माझा ताबा घेतला. म्हणाले, "सर, माझा तास आहे. मागे बसता का? पण आधीच सांगतो, आज मी शिकवणार नाही."

"मग पगार कशाचा घेता?" मी थट्टेने विचारले.

ते नुसते हसले. या थट्टेची पुढे मला चांगलीच लाज वाटली. ती का, ते ओघात येईलच.

वर्ग बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा. पटावर त्रेचाळीस, हजर सव्वीस. विषय बँक जुळवणी पत्रकाचा. म्हणजे दुकानदाराच्या कॅशबुकातली शिल्लक एक सांगते, बँकेचे पासबुक दुसरेच सांगते, आणि दोघेही खरे बोलत असतात. तर हा फरक कुठून आला ते शोधायचे. अकरावीत हा धडा एकदा येऊन गेलेला असतो आणि बहुतेकांच्या डोक्यावरून गेलेला असतो. प्राध्यापकांनी आदल्या दिवशी संध्याकाळी बारा मिनिटांची एक चित्रफीत मुलांच्या व्हॉट्सॲपवर पाठवली होती. फळा, खडू आणि त्यांचा आवाज, एवढाच तिचा थाट. ती घरी पाहून यायचे, आणि ज्याला फोन मिळणार नाही त्याने त्याच मजकुराचा एक पानी कागद वाचून यायचे. वर्गात आल्यावर चौघाचौघांचे गट पडले. प्रत्येक गटासमोर एक गणित. कॅशबुकात शिल्लक १२,४०० रुपये. दिलेला १,८०० रुपयांचा एक चेक अजून वटायला गेलेला नाही; बँकेत भरलेला २,५०० रुपयांचा एक चेक अजून जमा झालेला नाही; आणि बँकेने ५० रुपये खर्चाचे कापले आहेत, त्याची नोंद कॅशबुकात नाही. तर पासबुकात शिल्लक किती?

पुढची चाळीस मिनिटे त्या वर्गात जो गलका झाला तो आमच्या काळात झाला असता तर प्राचार्य छडी घेऊन धावत आले असते. प्राध्यापक या बाकावरून त्या बाकाकडे फिरत होते. कुणाला उत्तर सांगत नव्हते, "असं का?" एवढेच विचारत होते. मधेच त्यांनी खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "आपल्या एका भिडूचं उत्तर काल रात्री साडेअकराला आलंय. कराडच्या बाजूला फडावर आहे तो. त्याचं उत्तर १६,६५०. बरोबर आहे का?"

वर्गाचे उत्तर ११,६५० आले होते. मला राहवले नाही. मी मागून उठलो आणि म्हटले, "फरक किती पडला? पाच हजार. त्याची निम्मी रक्कम गणितात कुठे दिसते का पाहा." बँकेत रात्री आठ आठ वाजेपर्यंत ताळेबंद जुळवत बसलेल्यांना ही युक्ती ठाऊक असते. फरकाची निम्मी रक्कम सापडली, की ती रक्कम जमेऐवजी नावे किंवा नावेऐवजी जमा पडली आहे हे ओळखायचे. मुलांनी पाहिले, अडीच हजार! भरलेला पण जमा न झालेला चेक त्या पोराने वजा करण्याऐवजी मिळवला होता. त्याने खाली लिहिलेही होते, "चेक भरला म्हणजे पैसे आलेच ना सर?" यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी फटकन म्हणाली, "ऊस कारखान्यावर गेला म्हणजे बिल खात्यावर आलं का?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पस्तीस वर्षांत जमा न झालेल्या चेकची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही.

या पद्धतीला इंग्रजीत फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात; आपण तिला उलटा वर्ग म्हणू. कल्पना साधी आहे. आजवर वर्गात ऐकायचे आणि घरी सोडवायचे, असा क्रम होता. ऐकायला डोके कमी लागते, सोडवायला जास्त. म्हणजे जिथे मदतीला मास्तर हजर तिथे सोपे काम आणि जिथे विद्यार्थी एकटा तिथे अवघड काम, अशी ती वाटणी होती. ती उलटी करायची. ऐकणे, वाचणे घरी. सोडवणे, अडखळणे, भांडणे वर्गात. ज्या घरात आईवडील शिकलेले असतात तिथे जुनी वाटणी खपून जाते, कारण घरी विचारायला कुणीतरी असते. ज्या घरातली पहिलीच पिढी महाविद्यालयात गेली आहे तिथे रात्री अडलेल्या गणिताला विचारायचे कुणाला?

ही पद्धत जिथे या नावाने रुजली त्याची गोष्ट मोठी मौजेची आहे. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात वुडलँड पार्क नावाचे एक डोंगरातले गाव आहे. तिथल्या शाळेत जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे दोघे रसायनशास्त्राचे शिक्षक. गाव आडबाजूला, मुले खेळांच्या सामन्यांना वगैरे लांब जायची आणि त्यांचे तास बुडायचे. बुडालेला धडा पुन्हा पुन्हा शिकवून हे दोघे थकले. २००७ साली त्यांनी आपले धडे ध्वनिचित्रमुद्रित करून ठेवायला सुरुवात केली. हेतू एवढाच, की जो आला नाही त्याला धडा मिळावा. मग त्यांच्या ध्यानात आले, की आलेली मुलेही तेच धडे पाहताहेत. तसे असेल तर वर्गातला वेळ कशाला घालवायचा? २०१२ साली त्यांचे यावरचे पुस्तक आले आणि हा शब्द जगभर गेला. विद्यापीठांच्या पातळीवर हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी त्याआधीच, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, हे वेगळ्या नावाने आरंभले होते. आपले विद्यार्थी सूत्रे घालून उदाहरणे सोडवतात, पण साध्या कल्पनेवरचा प्रश्न विचारला की गडबडतात, हे त्यांना दिसले. मग धडा आधी वाचून यायचा, वर्गात एक प्रश्न, प्रत्येकाने आपले उत्तर नोंदवायचे, शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचे, अशी रीत त्यांनी घातली.

वाचकांनी यातली एक गोष्ट मनात ठेवावी. या पद्धतीचा हा जन्म न आलेल्या विद्यार्थ्यासाठी झाला. आणि न आलेला विद्यार्थी म्हटला की बीड जिल्ह्यातल्या माणसाला दुसरे काय आठवणार? दसरा झाला की आमच्या बालाघाटाच्या कुशीतली गावेच्या गावे रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी, ज्यांना हिशेबात 'एक कोयता' म्हणतात, ट्रॅक्टरवर संसार बांधून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांवर जातात. उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. लहान मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. त्यांचे जे काही बरेवाईट झाले ते झाले. पण अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचे काय? तो आता अंगाने कोयत्याला आलेला असतो. घरात उचल फिटायची असते. त्याचे नाव महाविद्यालयाच्या पटावर असते आणि तो फडावर असतो. साखरशाळेच्या पुढे साखर-कॉलेज काही निघाले नाही.

माझ्या मित्रांपैकी काहींचा या सगळ्यावर एकच शेरा असतो, "ही परदेशी थेरं आपल्याकडे कशाला?" मी अंबाजोगाईत राहतो. इथे मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा विवेकसिंधु शके १११०चा, म्हणजे इसवी सन ११८८चा मानतात; तो गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपातला ग्रंथ आहे. शिष्य विचारतो आणि गुरू उलगडतो. याच गावी दासोपंतांनी कित्येक हात लांबीच्या कापडावर ग्रंथरचना केली. ती पासोडी आजही आमच्या गावाचे भूषण आहे. समोर अंथरून वाचता यावे, बोलता यावे, असेच ते साधन. तेव्हा गुरूने दोन तास बोलायचे आणि शिष्याने खाली मान घालून उतरवून घ्यायचे, ही आपली परंपरा आहे असे निदान आमच्या गावात तरी कुणी म्हणू नये.

फार मागे जायचेही कारण नाही. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. विद्यार्थ्याला एकट्याने वाचता येतील अशी पुस्तके घरी द्यायची आणि ठरलेल्या दिवशी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र भरवायचे, ही त्याची रचना. फोन नव्हता, चित्रफीत नव्हती. पण आधी वाच आणि मग विचारायला ये, हा क्रम तोच. आमच्या शाखेतल्या दोन शिपायांनी असे शिकून पदवी घेतली. त्यांच्या पुस्तकांची बाइंडिंगे झिजलेली असत आणि संपर्कसत्राला जाताना ते प्रश्नांची यादी करून नेत.

अंबाजोगाईतच स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. देशभरातल्या वैद्यकीय महाविद्यालयांसाठी २०१९ साली जो नवा अभ्यासक्रम आला, त्यात निव्वळ व्याख्यानांचा वाटा एकतृतीयांशाहून अधिक असू नये असे म्हटले आहे. बाकीचा वेळ प्रात्यक्षिके, रुग्णांजवळचे शिक्षण, गटचर्चा यांसाठी. शिवाय स्वयंअध्ययनाचे तास वेगळे. डॉक्टर घडवताना जर व्याख्यान हा तिसरा हिस्सा पुरत असेल, तर बी.ए., बी.कॉम.च्या मुलांनी सगळेच्या सगळे तास नुसते ऐकत का काढावेत?

आता थोडे माझ्याविषयी. मी पदवी घेतली ती सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही. कोणाचेही सांगितले तरी फार फरक पडणार नाही. आमचे एक प्राध्यापक पिवळ्या पडलेल्या वहीतून टिपणे सांगत आणि आम्ही उतरवून घेत असू. स्वल्पविराम, पूर्णविरामसुद्धा ते तोंडाने सांगत. एकदा ते वहीचे पान उलटायला विसरले आणि तोच परिच्छेद त्यांनी दुसऱ्यांदा सांगितला. आम्ही साठ जणांनी तो दुसऱ्यांदाही निमूट उतरवून घेतला! त्यात चलनक्षम दस्तऐवजांचा कायदाही होता, १८८१ सालचा. मला त्यात बरे गुण पडले आणि चेक म्हणजे काय ते मात्र कळले नाही.

ते कळले १९८२ साली बँकेत लागल्यावर. आमचे शाखाधिकारी नगरकडचे होते. सीएआयआयबीच्या परीक्षेला बसणाऱ्या आम्हा तिघा कारकुनांना ते संध्याकाळी एक प्रकरण वाचायला सांगत आणि सकाळी शाखा उघडण्याआधी अर्धा तास बोलावत. कोऱ्या कागदांवर हाताने चेक रेखून ते आमच्यापुढे टाकत. "हं, बोला. पैसे द्याल का?" एकावरची तारीख सात महिन्यांपूर्वीची. एकावर अक्षरी रक्कम वेगळी, आकडी वेगळी. मी ऐटीत म्हणालो, "कायद्याप्रमाणे अक्षरी रक्कम धरायची." ते म्हणाले, "कायदा बरोबर आहे. आता काउंटरवर उभे राहा आणि सांगा, तुम्ही द्याल?" बँक असा चेक परत करते, हे मला शेजारच्याने सांगितले. आणि मग एक दिवस त्यांनी एक चेक टाकला ज्यात काहीही चूक नव्हती. म्हणाले, "सही बरोबर, रक्कम बरोबर, शिल्लक आहे. पण चेक देणारा काल रात्री वारला, असं तुम्ही येताना बाजारात ऐकलंय. द्याल?" खातेदाराच्या मृत्यूची सूचना मिळाली की बँकेने त्याचे चेक वटवायचे नसतात, हे पुस्तकात होते. पण बाजारातली बातमी ही सूचना धरायची का? यावर आम्ही दोन सकाळी भांडलो. ते भांडण मला आज चाळीस वर्षांनंतरही शब्दशः आठवते. उतरवून घेतलेल्या वह्या मात्र कधीच रद्दीत गेल्या. आमच्या साहेबांनी उलटा वर्ग हा शब्द जन्मात ऐकला नसेल.

म्हणजे पद्धत चांगली आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती ती कुणाच्या हाती पडते याविषयी.

२०१४ साली जनधन योजना आली तेव्हा मी शाखाधिकारी होतो. वरून रोज आकडा मागितला जाई, आज किती खाती उघडली? आम्ही उघडत गेलो. आकडा फुगत गेला. त्यातल्या कितीतरी खात्यांत पुढे बरीच वर्षे एक रुपयाची उलाढाल झाली नाही. खाते उघडणे गरजेचेच होते. पण खाते उघडले म्हणजे बचत झाली, असे नव्हे. मला भीती वाटते ती अशीच. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र अध्यापनाचा एक आराखडा मांडला. अभ्यासक्रमाचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन आणि उरलेला प्रत्यक्ष वर्गात, अशी कल्पना त्यात आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा रोखही त्याच दिशेचा आहे. उद्या वरून आकडा मागितला जाईल, किती चित्रफिती चढवल्या? आणि महाविद्यालये चढवत जातील. चित्रफीत चढली म्हणजे धडा शिकवला, असे कागदावर ठरेल. चाळीस टक्के ऑनलाइन म्हणजे चाळीस टक्के प्राध्यापक कमी लागतील, असा सोयीचा हिशेबही कुणीतरी मांडेल. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शिक्षणाच्या नावाखाली काय चालले ते आपण घराघरात पाहिले आहे. पडद्यावर मास्तर बोलत होते आणि पांघरुणात पोरगा झोपला होता. त्याला उलटा वर्ग म्हणणे म्हणजे जमा न झालेल्या चेकला शिल्लक म्हणण्यासारखे आहे. उलट्या वर्गात घरचा भाग ही फक्त तयारी असते. खरा तास वर्गातच होतो, आणि त्याला मास्तर नेहमीपेक्षा अधिक लागतो.

इथे माझ्या त्या थट्टेकडे येतो. तास संपल्यावर चहा पिताना त्या तरुण प्राध्यापकांनी सहज सांगितले, "सर, मी तासिका तत्त्वावर आहे." वाचकांपैकी ज्यांच्या घरात कुणी प्राध्यापक होण्याची वाट पाहत आहे त्यांना या शब्दांचा अर्थ सांगायला नको. कायम पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात. त्या जागी पात्रता परीक्षा झालेली, पीएच.डी. केलेली माणसे तासाच्या हिशेबाने घेतली जातात. जितके तास वर्गात, तितके पैसे; सुट्टीत नाही, परीक्षेच्या दिवसांत नाही. त्यांनी त्या बारा मिनिटांच्या चित्रफितीसाठी रविवारची अख्खी दुपार घालवली होती. एक पानी कागद स्वतःच्या पैशाने झेरॉक्स केला होता. गणिते स्वतः रचली होती. रात्री साडेअकराला फडावरून आलेले उत्तर तपासले होते. या कशाचाही त्यांना एक पैसा मिळत नव्हता. मिळणार होता तो त्या एका तासाचा, ज्यात त्यांनी 'शिकवले नव्हते'. आणि मी विचारले होते, पगार कशाचा घेता!

उलट्या वर्गाचे सगळे मर्म वर्गाबाहेरच्या कामात आहे आणि आपण पैसे मोजतो ते फक्त वर्गातल्या कामाचे. ही गाठ सुटल्याशिवाय ही पद्धत दोनचार ध्येयवेड्यांच्या पलीकडे जाणार नाही. ध्येयवेड्यांच्या जिवावर एखादा प्रयोग चालतो. विद्यापीठ चालत नाही. ज्या विषयाचा वर्ग उलटा घ्यायचा, त्याच्या एका तासिकेमागे तयारीची एक तासिका धरून मोबदला द्यावा, अशी माझी सरळ सूचना आहे. आमच्या बँकेत कर्ज मंजूर करण्याआधी शेतावर जाऊन पाहणी करायला अधिकाऱ्याला प्रवासभत्ता मिळत असे. पाहणी हे काम आहे, हे बँकेला कळत होते.

दुसरी गाठ परीक्षेची. वर्ग उलटा आणि प्रश्नपत्रिका सुलटी, असे असेल तर मुले शहाणी असतात. ती 'अपेक्षित' प्रश्न पाठ करतील आणि वर्गात गटागटाने बसून गप्पा मारतील. 'बँक जुळवणी पत्रकाची व्याख्या सांगून वैशिष्ट्ये लिहा' या प्रश्नाला वाद घालायची गरज काय? आमचे छत्रपती संभाजीनगरचे विद्यापीठ १९५८ साली स्थापन झाले. बीड जिल्ह्यातली महाविद्यालये त्यालाच जोडलेली आहेत. कॅशबुक आणि पासबुक पुढे ठेवून 'चूक शोधा' असा प्रश्न त्याच्या परीक्षेत येऊ लागला, तर वर्ग आपोआप बदलतील. परिपत्रक काढायची गरज पडणार नाही.

तिसरी गाठ मात्र विद्यापीठाला सुटणारी नाही. ती तुमच्याआमच्या घरात आहे. आमच्या गल्लीत एक मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या घरात चांगला फोन एकच, तो थोरल्या भावाकडे. भाऊ नोकरीच्या शोधात आहे, म्हणजे दिवसभर बाहेर आणि रात्री उशिरापर्यंत फोनवर. हिला धडा पाहायला मिळतो तो पहाटे पाचला, भाऊ उठायच्या आत. एकदा ती आमच्याकडे आली आणि माझ्या पत्नीला म्हणाली, "काकू, अर्धा तास तुमचा फोन द्याल? इथंच बसून पाहते, घरी नेत नाही." त्या "घरी नेत नाही"त सगळे आले. मुलीच्या हातात फोन दिसला की चार लोक बोलतात. मुलाच्या हातात तो शोभतो! घरी ऐका आणि वर्गात बोला, असे आपण म्हणतो तेव्हा मुलींच्या बाबतीत घरी ऐकायलाही जागा लागते, हे विसरून चालणार नाही. म्हणून मला त्या प्राध्यापकांचा एक पानी कागद चित्रफितीइतकाच मोलाचा वाटला. कागदाला रेंज लागत नाही, चार्जिंग लागत नाही आणि तो पाहून कुणी संशय घेत नाही. महाविद्यालयांनी ग्रंथालये संध्याकाळी दोन तास उघडी ठेवावीत, तिथे चार संगणक चालू स्थितीत असावेत. हे काही चंद्रावर जाण्यासारखे काम नाही. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी रोज संध्याकाळी अर्धा तास फोन मुलीच्या हाती द्यावा आणि कशासाठी म्हणून विचारू नये.

आणखी एक. मुले महाविद्यालयातून आली की आपण विचारतो, "आज काय शिकवलं?" त्याऐवजी "आज तू काय विचारलंस?" असे विचारून पाहावे. पहिले काही दिवस उत्तर येणार नाही. मुलगा चिडेलही. पण प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नाही, हे आधी घरात कळले तरच ते वर्गात उतरेल. "वर तोंड करून बोलू नकोस" असे सतरा वर्षे ऐकलेल्या पोरापोरींनी अठराव्या वर्षी एकदम चर्चा करावी, ही अपेक्षाच चुकीची.

हा प्रयोग सगळीकडे जमेल असे मी म्हणत नाही. दीडशे मुलांच्या वर्गात जमणार नाही. सगळ्या विषयांना सारखाच लागू पडणार नाही; कविता शिकवणाऱ्या प्राध्यापकाने कविता वर्गातच वाचावी, चित्रफितीत नव्हे, असे माझे लेखक म्हणून मत आहे. उत्तम व्याख्यान ऐकणे हाही एक संस्कार आहे आणि मराठवाड्याने असे वक्ते पाहिले आहेत. पण किती प्राध्यापक असे बोलतात, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

त्या दिवशी दुपारचा माझा कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ झाले. साहित्य आणि समाज या विषयावर मी चाळीस मिनिटे बोललो आणि मुलांनी खाली मान घालून ऐकले. एकानेही प्रश्न विचारला नाही. सकाळी याच मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला होता. दोष माझा होता, हे मला व्यासपीठावरच कळले.

निघताना ते तरुण प्राध्यापक मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. माझ्यातला बँकवाला अजून मेलेला नाही, मी विचारले, "त्या फडावरच्या मुलाची हजेरी काय लावली?"

"गैरहजर," ते म्हणाले. "नियमच आहे. पण त्या चौकटीत पेन्सिलीनं एक ठिपका देतो मी. उत्तर आलं की ठिपका."

"त्या ठिपक्याचा उपयोग?"

"अजून तरी काही नाही. पण उन्हाळ्यात तो परत आला की त्याला दाखवीन. दिवसभर ऊस तोडून रात्री अकराला त्याने गणित केलंय, सर. चुकलं, पण केलंय."

बस आली. वाटेत दोन ट्रॅक्टर आडवे गेले, भांडीकुंडी, गोधड्या आणि माणसे घेऊन. गेली कित्येक वर्षे मी हे दृश्य पाहतो आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच मनात आले, की या ढिगावर बसलेल्या एखाद्या पोराच्या खिशात बारा मिनिटांचा एक धडा असू शकतो. आणि त्याच्यासाठी आपल्या हजेरीपटात अजून रकाना नाही.